अकरा सह्यांचं पान

सोमवार, १६ जून २०२५

शाळा सुरू झाली. पाचवीत रडारड, दहावीत गोंगाट आणि स्टाफरूममध्ये मे महिन्यात कोण कुठे फिरून आलं त्याच्या गप्पा. नेहमीचंच. मी मात्र यंदा नवीन काही करायचं ठरवून आले आहे, म्हणून ही वही काढली.

गेल्या आठवड्यात आम्हा मुख्याध्यापकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय, सहभागी निर्णयप्रक्रिया. शिकवायला आलेल्या बाईंनी पहिल्याच तासाला एक कागद वाटला. त्यावर प्रश्न एकच होता, तुमच्या शाळेत निर्णय कोण घेतं? मी लिहिलं, ‘सर्वांना विचारून, सर्वानुमते.’ शेजारी येवल्याचे एक सर होते, त्यांनी माझ्या कागदात डोकावून तेच लिहिलं. कागद गोळा झाल्यावर कळलं की चाळीसपैकी अडतीस जणांनी हेच लिहिलंय. बाई हसल्या. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही. मी नऊ वर्षं मुख्याध्यापिका आहे आणि आमच्या इतिवृत्ताच्या वहीत एकही ठराव बहुमताने झालेला नाही. सगळे सर्वानुमते. यात हसण्यासारखं काय आहे?

यंदा तर मी दहावीच्या निकालाचा प्रश्नच शिक्षकांपुढे ठेवणार आहे. मार्चचा निकाल एक्क्याण्णव टक्के लागला. संस्थेचे अध्यक्ष, पेट्रोलपंपवाले भिमाजी आण्णा पेढा हातात धरून म्हणाले, “मॅडम, उरलेले नऊ टक्के कुठं सांडले?” चारचौघांत म्हणाले. तो पेढा मी पर्समध्ये टाकला आणि घरी येऊन कचऱ्यात फेकला. दोन वर्षांनी मी निवृत्त होईन. शंभर टक्क्यांचा फलक गेटवर लागल्याशिवाय मी इथून जाणार नाही.

शनिवार, २१ जून

पहिली सभा झाली. सभा कसली, शोकसभा.

आमच्याकडे पद्धत अशी की चहाबरोबरच सहादू, म्हणजे आमचा शिपाई, इतिवृत्ताची वही फिरवतो. अख्खं पान कोरं सोडून अकराही जण खाली सह्या करतात. कुणाला नांदगावची गाडी गाठायची असते, कुणाला मुलाला क्लासला सोडायचं असतं. सह्यांसाठी शेवटपर्यंत थांबणार कोण? मजकूर मी नंतर निवांत लिहिते. अक्षरही माझंच त्यातल्या त्यात बरं आहे.

मी विषय मांडला. दहावीत यंदा सात मुलं अशी आहेत की जी नववीतून कशीबशी वर आली. इतर शाळा अशा वेळी काय करतात ते कुणाला सांगायला नको. पालकांना बोलावतात, गोड बोलून दाखला काढायचा अर्ज घेतात आणि मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात. मूल बाहेरून परीक्षेला बसतं. पास झालं तर आनंद, नापास झालं तर ते शाळेच्या निकालात धरलं जात नाही. बेकायदा काही नाही, कारण अर्ज पालकाचा असतो.

मी म्हटलं, आपल्याकडे काय करायचं ते तुम्ही सगळ्यांनी ठरवा. मी काही लादणार नाही.

अकराही जणांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मी दहा मिनिटं वाट पाहिली. मग चित्रकलेच्या सरांनी हात वर केला. मला वाटलं, चला, कुणी तरी बोललं. त्यांनी विचारलं, सातवी ब मधला पंखा कधी दुरुस्त होणार?

माझं डोकं इतकं तापलं की चहा तसाच ठेवून मी उठले. एरवी स्टाफरूममध्ये ह्यांची तोंडं बंद होत नाहीत. विचारलं नाही तर ‘मॅडम हुकूमशहा’, विचारलं तर पंखा.

मंगळवार, १ जुलै

निकाल सुधार समिती नेमली. अकराच्या अकरा जणांना त्यात घातलं, म्हणजे मला घेतलं नाही असं म्हणायला कुणाला जागा नको. गणिताचे सोमनाथ सर अध्यक्ष. ज्येष्ठ आहेत आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. दहा दिवसांत सात मुलांचा निर्णय करून आणा असं सांगितलं.

माझी यादी ड्रॉवरमध्ये तयार आहे. सातही नावं आहेत. त्यांची यादी आली की मी माझ्या यादीशी ताडून बघणार. उत्तर ठाऊक असल्याशिवाय मुलांना गणित घालू नये, हे मी बी.एड.ला शिकले.

शुक्रवार, ११ जुलै

आज मला रडू आलं असतं, पण रागाने डोळे कोरडे पडले.

सभा चार वाजता होती. सहादूने वही फिरवली, सह्या झाल्या. सोमनाथ सर उठले आणि एक कागद वाचू लागले. त्यात दाखला द्यायच्या मुलांचं एकही नाव नव्हतं. त्यांनी ठरवलंय की कुणालाच काढायचं नाही. सात शिक्षकांनी सात मुलं वाटून घेतली आहेत, प्रत्येकाला एक. शाळा भरायच्या आधी एक तास शिकवणी. उरलेले चार जण आजारपण-रजेला बदली. म्हणे सुरूही केलंय, दोन तारखेपासून. आणि मी मूर्ख, सकाळी जिन्याखाली मुलं दिसायची ती हौसेने आली असतील असं समजत होते.

हे डोकं सोमनाथ सरांचं नव्हे. हे निकिताचं. मराठी शिकवते, शिक्षणसेवक म्हणून लागली, येत्या डिसेंबरात तीन वर्षं पूर्ण होतील. तिला कायम करण्याचा प्रस्ताव माझ्या सहीने जायचा आहे, तरी एवढी हिंमत. कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्या वाट्याला आरोही आली आहे, मखमलाबादकडच्या फुलवाल्यांची मुलगी. पहाटे आजीबरोबर फुलं तोडते आणि वर्गात डुलक्या घेते. निकिता म्हणाली की आरोहीला कविता पाठ होत नाहीत, पण अर्थ बरोबर सांगते. अर्थाला मंडळ किती गुण देतं ते मी विचारलं. तिने खाली बघितलं नाही.

मी त्यांना कुणाला काढायचं ते ठरवायला सांगितलं होतं. काढायचं की नाही हे ठरवायला कुणी सांगितलं? विश्वासाने अधिकार द्यावा तर लोक तो वापरायलाच लागतात. सगळ्यांना विचारणं ही माझी पद्धत आहे. म्हणून काय सगळ्यांचं ऐकत बसायचं?

“विचार करते” एवढंच म्हणून मी सभा संपवली.

शनिवार, १२ जुलै

सकाळी आण्णांचा फोन. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. म्हणाले, जिन्याखाली शाळा भरवायला लागलात की काय? मग हसले आणि म्हणाले की तुम्हाला जमत नसेल तर सांगा, संस्थेत दुसरी माणसं आहेत.

तीस वर्षांची नोकरी. एका पेट्रोलपंपवाल्याने मला ‘जमत नसेल तर’ म्हणावं. आणि ते कुणामुळे? ज्यांना मी मोठ्या मनाने विचारायला गेले त्यांच्यामुळे.

दुपारी केबिनचं दार लावून कालचं पान भरलं. ‘दहावीच्या सात विद्यार्थ्यांची प्रगती पाहता त्यांच्या हिताच्या दृष्टीने त्यांनी बाहेरून परीक्षेस बसावे, असे सर्वानुमते ठरले.’ खाली नावं. त्याच्या खाली अकरा सह्या होत्याच. शेवटी माझी. लिहून झाल्यावर बरं वाटलं. ज्यांना निर्णय घेता येत नाहीत त्यांच्यासाठी कुणाला तरी ते घ्यावे लागतात. सगळ्या शाळांत हेच चालतं.

मंगळवार, २२ जुलै

दोन दिवस पालकांना बोलावत होते. वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. वही पुढे ठेवायची आणि म्हणायचं, बघा, तुमच्या मुलाला शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांचं हेच मत पडलं. माणसाचा आवाजच बसतो. एकट्या मुख्याध्यापिकेशी पालक तावातावाने भांडतात, गेली नऊ वर्षं भांडत आलेत. अकरा शिक्षकांशी कोण भांडणार? रुद्रचे वडील, रंगनाथ, पंचवटीत भाजी विकतात. त्यांनी तर हात जोडले आणि सगळ्या मास्तरांना तसदी झाली म्हणून माफी मागितली. सहा अर्जांना मिळून तासभर लागला.

सातवी आरोही. तिच्याबरोबर आजी आली, चतुराबाई. फुलबाजारातून तशीच आली होती, ओच्यात झेंडूच्या पाकळ्या. ती काही अर्जावर अंगठा द्यायला तयार होईना.

“कोनी ठरवलं ह्ये?” तिने विचारलं.

मी वही पुढे केली. सगळ्या शिक्षकांनी, म्हटलं.

तिला वाचता येत नाही. तिने वही नातीकडे सरकवली आणि म्हणाली, “नावं वाच. समदी वाच.”

आरोही उभी राहून वाचायला लागली. सोमनाथ सर. मग चित्रकलेचे सर. सह्यांची अक्षरं नीट लागत नव्हती, तरी ती एकेक ओळखत होती. आठव्या नावाशी ती थांबली. मला वाटलं, सही लागत नसेल, म्हणून मीच सांगितलं, “निकिता मॅडम.” तिने माझ्याकडे बघितलं. मग “निकिता मॅडम” असं म्हणाली आणि उरलेली तीन नावं भरभर वाचून वही मिटली.

आजीने अंगठा दिला. मी दाखला दिला. आरोही जाताना पाया पडली, पडू नको म्हटलं तरी. काम आटोपलं. एवढं असून जेवण का गेलं नाही, कळत नाही. पित्त असेल.

बुधवार, २३ जुलै

निकिता केबिनमध्ये आली. काल संध्याकाळी ती आरोहीच्या घरी गेली होती. आरोही तिला बघून आत निघून गेली आणि बाहेरच आली नाही. आजीने म्हणे पाण्याचा तांब्या ठेवला आणि सांगितलं, “सही केल्यावर आता कशाला आल्या, बाई?”

निकिताने वही मागितली. मी दिली. मला काय लपवायचंय? तिने ते पान दोनदा वाचलं.

“ही सही तुझीच आहे ना?” मी विचारलं.

“माझीच आहे,” ती म्हणाली. “तुमच्यावर विश्वास ठेवून केलेली आहे.”

वही टेबलावर ठेवून ती निघून गेली. माझा तिळपापड झाला. विश्वासाच्या गोष्टी मला शिकवते. डिसेंबरात प्रस्ताव कोणाकडे येणार आहे, याचा तरी विचार करायचा.

मंगळवार, ५ ऑगस्ट

शिक्षण खात्याच्या कार्यालयातून पत्र आलं. निकिता यांच्या तक्रारीवरून सात दिवसांत खुलासा करावा.

सोमनाथ सरांना बोलावलं. विचारलं, चौकशी झाली तर तुम्ही काय सांगणार? चष्मा पुसत म्हणाले, “मॅडम, सगळ्यांचं जे मत असेल तेच माझं.”

मी त्यांच्यावर ओरडले. तुम्हाला स्वतःचं मत म्हणून काही आहे की नाही, असं विचारलं. ते म्हणाले की होतं, अकरा जुलैला कागदावर वाचून दाखवलं होतं. आणि दार हळूच ओढून घेऊन गेले. ह्या माणसाला अठ्ठावीस वर्षांत मी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. हे बँकेत होते, कागद ह्यांना कळतात. म्हणाले, पालकांचे अर्ज आहेत, तू सुटशील. फक्त त्या आजीकडून ‘स्वखुशीने दाखला नेला’ असं वेगळं लिहून घे, तक्रारीत नाव तिच्या नातीचंच आहे. मी पत्र टाइप करून ठेवलं.

रविवार, १० ऑगस्ट

रिक्षा करून चतुराबाईच्या मळ्यात गेले.

शेवंतीची खुरपणी चालली होती. आरोहीही होती. मला बघून ती उठली आणि खाट झाडून दिली. चहा आला. मी पत्र काढलं. चतुराबाईने ते नातीकडे दिलं, तिने वाचलं. ‘आम्ही आमच्या स्वखुशीने शाळा सोडल्याचा दाखला घेतला असून आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.’

मला वाटलं, आता म्हातारी खवळणार. त्याची तयारी करूनच गेले होते. पण ती खवळली नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“द्या शाई, देते अंगठा,” ती म्हणाली. “तुमचा काय दोष हाय त्यात? ती अकरा मानसं. तुम्ही एकल्या बाईमानूस. तुमचं कोन ऐकनार? तुमच्या हातात काय व्हतं?”

मी गप्प बसायला हवं होतं. शाई पर्समध्येच होती. अंगठा घ्यायचा आणि निघायचं, एवढंच काम. पण ती माझ्या गुडघ्यावर थोपटत राहिली, एखाद्या गरीब बिचारीला थोपटावं तशी. नऊ वर्षं मी ती शाळा चालवते. माझ्या घंटेशिवाय तिथे पान हलत नाही. आणि ही म्हणते, तुमच्या हातात काय व्हतं. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

“माझ्याच हातात होतं,” मी म्हणाले. “त्यांनी काही ठरवलं नव्हतं. त्यांनी तर कुणाला काढू नका म्हणून सांगितलं होतं. मी ठरवलं. मी एकटीने.”

बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

आरोही पुढे आली. “मग निकिता मॅडमची सही?”

“कोऱ्या पानावर केलेली. मजकूर मी नंतर लिहिला.”

तिने खुरपं खाली टाकलं. मला वाटलं, आता रडेल किंवा मला काही बोलेल. तिने बांधाला लावलेली सायकल काढली आणि हात न धुताच निघाली. कुठे चाललीस, असं विचारायची गरज नव्हती. निकिता म्हसरूळला राहते.

चतुराबाईने माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला होता. तिने खाटेवरचं पत्र उचललं. मग ते पत्र माझ्या मांडीवर ठेवलं.

“एकलीनं काढलं ना, मंग एकलीनंच घ्या परत,” ती म्हणाली. “त्याला कशाला मानसं लागत्यात?”

सोमवार, ११ ऑगस्ट

शाळेत मूल परत घ्यायला ठराव लागत नाही. मुख्याध्यापिकेची एक सही पुरते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

आरोहीला दहावीत घेतलं. खुलासा लिहिला, जसं झालं तसं. ह्यांनी वाचला आणि म्हणाले, तुला वेड लागलंय, पेन्शनचा तरी विचार कर. आण्णांचा फोन आला. अर्धा तास बोलत होते, संस्थेच्या बैठकीत बघून घेऊ म्हणाले. मी म्हटलं, घ्या बघून. मला त्यांचा राग आला नाही, याचंच नवल वाटलं. सगळा राग दुसरीकडे खर्च होतोय.

निकिता समोरून गेली. मी माफी मागितली तर ती देईलही, ती तशीच आहे, आणि म्हणूनच मला मागता येईना.

रविवार, १७ ऑगस्ट

उरलेल्या सहा जणांकडे जाते आहे. रोज एक घर. तीन मुलं परत आली. एकाच्या घराला कुलूप आहे, एक मुलगी मामाकडे गेली ती आली नाही.

आज सकाळी पंचवटीत रंगनाथच्या गाड्यावर गेले. कोथिंबिरीच्या जुड्या लावत होता. उठून उभा राहिला, स्टूल दिलं. मी गर्दीतच सांगितलं, आता मला सांगायची सवय झाली आहे. रुद्रला शाळेतून काढायचं शिक्षकांनी ठरवलं नव्हतं. मी एकटीने ठरवलं. उद्यापासून पाठवा त्याला.

त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. म्हणाला, रुद्रला येवल्याला मेव्हण्याकडे ठेवलाय, पैठणीच्या मागावर. हात चांगला बसतोय म्हणे.

मी म्हटलं, परत बोलवा. तो दहावी होऊ शकतो. सोमनाथ सरांनी त्याला वाटून घेतला होता, रोज सकाळी गणित शिकवत होते, त्यांना विचारा.

“मॅडम, तुम्ही मनानं मोठ्या, म्हणून स्वतःवर घेताय,” तो म्हणाला. “माझ्या पोराचं मला कळतंय. एक मास्तर चुकंल, दोन चुकतील. अकरा मास्तर चुकतील का? त्यो बी आता तेच म्हनतो, मला डोकंच नाय.”

मी वही सोबत नेली होती. ते पान उघडून दाखवलं, मजकुराची शाई वेगळी आहे, सह्यांची वेगळी. त्याने हात धोतराला पुसले आणि एकेका सहीवर बोट ठेवत गेला. सोमनाथ सरांच्या सहीवर त्याचं बोट थांबलं.

“ह्या सह्या खोट्या हायेत का, मॅडम?” त्याने विचारलं.

गिऱ्हाइकं उभी होती. मी रागाने लालबुंद झाले होते आणि राग कुणावर काढावा ते समजत नव्हतं. सह्या खऱ्या आहेत, असं मला सांगावं लागलं.